झाडावर चढणाऱ्याचं काम : वाचकांची प्रश्नोत्तरे

पावसाळा तोंडावर आला की बहुतेक पत्रांत एकच काळजी असते, झाड पडेल का. या वेळी एक पत्र वेगळं आलं. सुरुवात त्याच्यापासून.

प्रश्न : मुलगा बारावी झाला. झाडं छाटणाऱ्या टोळीबरोबर जातो आणि हाच धंदा करीन म्हणतो. याला शिक्षण लागतं, की चढता आलं म्हणजे झालं? (एक वडील, खानापूर तालुका)

चढता येणं हा या कामाचा लहानसा भाग आहे. नारळावर सरसर चढणारी माणसं आपल्याकडे गावोगावी आहेत, पण नारळाला फांद्या नसतात. जुन्या रेनट्रीवर उभं राहून माणसाच्या वजनाच्या कितीतरी पट जड फांदी कौलं, कंपाउंड आणि वीजतारा सांभाळत दोरानं खाली सोडायची, हे निराळं काम आहे. फांदी सुटली की ती कुठे झोका घेईल, दोर ज्या बेचक्यातून घेतलाय ते बेचकं तो हिसका सोसेल का, याचा अंदाज जमिनीवर असतानाच बांधावा लागतो. म्हणून चांगला कारागीर आधी झाडाभोवती सावकाश फिरतो. बुंध्याशी कडक, चकचकीत भूछत्र दिसतंय का, साल ठोकल्यावर आवाज पोकळ येतो का, कुठे आग्यामोहोळ आहे का, हे बघतो. मुलगा ज्या टोळीत जातो तिथे असं बघणारा कोणी आहे का, हे आधी विचारा.

दुसरी गोष्ट सामानाची, आणि इथे मी अजिबात तडजोड करणार नाही. जाळीचं हेल्मेट, कानावर कप, कमरेला आणि मांड्यांना धरणारा पट्टा आणि चेनसॉ, म्हणजे फिरत्या साखळीची यांत्रिक करवत, तिच्यासाठीची खास पँट हवी. त्या पँटमधले धागे साखळीत गुंतून मशीन थांबवतात. वर चेनसॉ चालवताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला हवा, कारण चालत्या साखळीचा स्पर्श झाला तर एक दोर क्षणात तुटतो. पट्ट्यात बेशुद्ध लटकलेला माणूस काही मिनिटांतच दगावू शकतो. त्यामुळे खाली उभ्या असलेल्यांपैकी एकाला तरी वर जाऊन त्याला उतरवता आलं पाहिजे. एकट्यानं हे काम कधीच करू नये. आपल्याकडे अनवाणी, लुंगी खोचून, सुती दोर कमरेला बांधून चढणारी पोरं दिसतात, तेव्हा जीव कासावीस होतो. मुकादम हेल्मेट आणि विमा देत नसेल तर मुलाला त्याच्याबरोबर पाठवू नका.

शिक्षणाचं म्हणाल तर, बारावी विज्ञान शाखेतून झाला असेल तर सिरसीच्या वनशास्त्र महाविद्यालयाची चौकशी करा. ते धारवाडच्या कृषी विद्यापीठाचं आहे. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर या झाडांची निगा राखणाऱ्यांच्या संस्थेची प्रमाणपत्र परीक्षाही आहे. तिला तीन वर्षांचा अनुभव, किंवा या विषयातलं शिक्षण आणि थोडा कमी अनुभव मागतात. पोराला आवड असेल तर अडवू नका. शहरातली जुनी झाडं नीट जाणणाऱ्या माणसांची आपल्याला फार गरज आहे.

प्रश्न : दारातलं रेनट्री फार उंच झालंय. शेजारी म्हणतात, शेंडा उतरवा, म्हणजे वाऱ्याची भीती नाही. (टिळकवाडी)

शेंडा उतरवू नका. तिथून येणारा फुटवा जोमानं वाढतो, पण तो आतल्या लाकडात रुजलेला नसतो, नुसता सालीलगत चिकटलेला असतो. कापलेल्या तोंडातून पाणी आणि बुरशी आत जाते. काही वर्षांनी तेच जड झालेले फुटवे वादळात मोडून पडतात, म्हणजे आज नसलेली भीती तुम्ही तयार करता. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा आणि टोकाकडचं ओझं हलकं करा. एका वेळी हिरव्या पसाऱ्याचा चौथा हिस्सासुद्धा जाऊ नये.

झाडाजवळून नव्यानं गटार किंवा पाइपलाइनची चर गेली आहे का, तेही बघा. अन्नपाणी ओढणारी बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांत असतात. ती एका बाजूनं तुटली की हिरवंगार झाडही उन्मळून पडतं. पावसात बुंध्याजवळची माती भेगाळली किंवा उचललेली दिसली, तर त्याच दिवशी जाणत्याला बोलवा.

प्रश्न : आंब्याची फांदी कापल्यावर तोंडाला डांबर लावावं का? ढोलीत सिमेंट भरावं का? (निपाणी)

दोन्ही नको. झाड जखम आतून भिंत घालावी तशी बंद करतं. अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून हे दाखवलं. डांबराखाली ओल कोंडते आणि सिमेंट झाडाबरोबर हलत नाही. फांदी जिथे खोडाला मिळते तिथला फुगीर कंगोरा राखून काप घ्या. फांदी जड असेल तर आधी थोडं पुढे खालून खाच, मग त्याच्या जरा पुढे वरून काप, आणि उरलेलं खुंट शेवटी. असं केलं की साल खाली ओरबाडत जात नाही. आंब्याचं हे काम फळं उतरल्यावर, पाऊस उघडलेला बघून करा.

प्रश्न : चंदगडला भावानं झाड तोडलं तेव्हा तिथल्या कचेरीतून परवानगी काढली. आम्हालाही तसंच करायचं का? (बेळगाव तालुका)

चंदगड महाराष्ट्रात आणि आपण कर्नाटकात, त्यामुळे तिकडचा कागद इकडे चालणार नाही. आपल्याला कर्नाटकाचा १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे आणि अर्ज वनखात्याच्या वृक्षाधिकाऱ्याकडे जातो. निलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक, सुबाभूळ, नारळ यांना त्यात सूट आहे. बाकीच्या झाडाची नुसती मोठी फांदी काढायची असली तरी आधी विचारून घ्या. फांदी तारेजवळ असेल तर हेस्कॉमला, म्हणजे आपल्याकडच्या वीज कंपनीला, कळवून लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणालाही झाडावर चढू देऊ नका.