बोस्टनचं डब्ल्यूबीसीएन सुरुवातीपासूनच रॉक स्टेशन होतं का?

नाही, १०४.१ एफएमवर आधी शास्त्रीय पाश्चात्त्य संगीत लागायचं. रॉक आलं १५ मार्च १९६८च्या रात्री. आधीच्या शास्त्रीय संगीताची खूण नावातच आहे: बीसीएन म्हणजे बोस्टन कॉन्सर्ट नेटवर्क. स्टेशन तोट्यात होतं, म्हणून बोस्टन टी पार्टी हा रॉक क्लब चालवणाऱ्या रे रिपेन यांना मालकांनी आधी फक्त रात्रीचे तास दिले. श्रोते मिळाले तसं काही महिन्यांत दिवसभर रॉक वाजू लागलं. एएमचेच कार्यक्रम एफएमवर लावण्यावर तेव्हा सरकारी मर्यादा आली होती, म्हणून एफएमला नवे कार्यक्रम हवे होते; रॉककडे वळण्याचं तेच कारण पुष्कळदा सांगतात. इतर स्टेशनांबाबत ते खरं, इथे मात्र खरी अडचण पैशाची. ऑगस्ट २००९मध्ये हे लाडकं स्टेशन १०४.१वरून गेलं.