धोतरा भांगेसारखाच चढतो का?
नाही हो, भलता प्रयोग करू नका! महाशिवरात्रीला इंदुरात दोन्ही एकाच टोपलीत दिसतात, म्हणून हा घोटाळा होतो. भांग म्हणजे गांजाच्याच झाडाची पानं. १९८५च्या अंमली पदार्थ कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत नुसती पानं येत नाहीत. धोतऱ्याची गोष्टच वेगळी. त्यात अ‍ॅट्रोपीन, स्कोपोलामीन ही विषारी द्रव्यं असतात. तोंडाला कोरड पडते, छाती धडधडते, लघवी अडते, माणूस घरच्यांनाही ओळखत नाही, जीवही जातो. झाडागणिक विष कमी-जास्त, त्यामुळे ‘थोडंसं’ हे मापच नाही. आमची आजी पिंडीवर फळ वाहिलं की लगेच हात धुवायला लावायची. रस डोळ्याला लागला तरी बाहुली पसरते. कुणी खाल्लाच तर घरगुती उपाय नकोत, सरळ एमवायला, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या.