वंश जर शरीरात नाहीच, तर लोक वांशिक ओळख सोडून का देत नाहीत?

तुम्ही विचारलंय की वंश ही जीवशास्त्रातली गोष्ट नाही असं शास्त्रज्ञच सांगतात, तर लोक आपली वांशिक ओळख इतकी घट्ट का धरून ठेवतात, आणि सगळ्यांनी ‘आम्ही फक्त माणूस’ असं ठरवून टाकलं तर काय बिघडेल?

पहिलं म्हणणं बरोबर आहे. त्या संदर्भातली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. १९२०चं दशक सरत असताना इरावती कर्वे बर्लिनमध्ये डॉक्टरेट करत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे कट्टर पुरस्कर्ते. पुढे नाझींच्या वंशधोरणाला त्यांच्या संस्थेनं शास्त्राचा मुलामा दिला. इरावतीबाईंच्या वाट्याला काम आलं ते कवट्या मोजण्याचं. माणसाची कवटी डावीकडून आणि उजवीकडून अगदी सारखी नसते. हा फरक वंशानुसार बदलतो आणि त्यातून गोऱ्या युरोपीयांचं वरचढपण दिसेल, अशी फिशर यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी मापं घेतली आणि जे दिसलं तेच लिहिलं: या फरकाचा वंशाशी संबंध नाही. परक्या देशात, जेमतेम पंचविशीची विद्यार्थिनी, आणि समोर तिची पदवी ज्यांच्या हातात आहे तेच प्राध्यापक. हे वाचलं की आजही माझ्या मनात आदर दाटून येतो.

नंतर जनुकशास्त्रानं तेच सांगितलं. १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन यांनी रक्तगटांचा आणि रक्तातल्या प्रथिनांचा हिशोब मांडला, तेव्हा माणसामाणसांतल्या एकूण फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत सापडले. तथाकथित वंशांमध्ये वाटलेला फरक जेमतेम ६ टक्क्यांच्या आसपास. कातडीचा रंग मुख्यतः ऊन किती तीव्र आहे यावर घडत गेलेला आहे. म्हणून मेलानेशियातली (ऑस्ट्रेलियाजवळच्या प्रशांत महासागरातल्या बेटांवरची) आणि पश्चिम आफ्रिकेतली माणसं दोन्ही काळी दिसतात, पण जनुकांच्या नात्यानं एकमेकांपासून खूप दूर आहेत.

आपल्या भाषेनंही इथे थोडा घोळ घातलाय. ‘वंश’ म्हणजे मुळात वेळू, आणि पेरामागून पेर वाढत जातं तसं कूळ. रघुवंश, यदुवंश, वंशावळ. तोच शब्द आपण ‘रेस’साठी वापरायला लागलो, त्यामुळे मराठीत ‘वंश’ म्हटलं की रक्ताचं नातं आपोआप गृहीत धरलं जातं. आणि एथ्निक ओळख, म्हणजे भाषा, आठवणी, सणवार, सामायिक इतिहास यांतून आलेली ओळख, तिलाही आपण ‘वांशिक’च म्हणतो. ‘रेस’ची ओळख बहुतेक वेळा दुसऱ्यानं आपल्यावर चिकटवलेली असते, एथ्निक ओळख आपण आतून जगतो. तुमच्या प्रश्नातला अर्धा गुंता या एका शब्दामुळे झालाय असं मला वाटतं.

पण ‘शरीरात नाही’ याचा अर्थ ‘नाहीच’ असा होत नाही. वंश कागदावर असतो, आणि कागदाची ताकद फार मोठी असते.

भगतसिंग थिंद यांचंच पाहा. पंजाबात जन्मलेले शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. तेव्हाच्या कायद्यानुसार परदेशात जन्मलेल्यांपैकी फक्त ‘मुक्त गोऱ्या व्यक्तीं’ना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळू शकत होतं. १९२२च्या नोव्हेंबरात ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांना सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नुसती कातडी गोरी असून भागत नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन, आणि तुम्ही कॉकेशियन नाही. तीनच महिन्यांनी थिंद तिथे उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं, की तुमच्याच मानववंशशास्त्राप्रमाणे मी कॉकेशियन आहे, कारण तेव्हाचं ते शास्त्र युरोपीय आणि उत्तर भारतीय यांना ‘कॉकेशियन’ या एकाच वंशात धरत असे. त्याच न्यायालयानं, त्याच न्यायमूर्तींच्या लेखणीतून, उत्तर दिलं की शास्त्र काहीही म्हणो, सर्वसामान्य माणूस तुम्हाला गोरा समजत नाही. एकाला शास्त्राच्या नावानं परत पाठवलं आणि दुसऱ्याला शास्त्र बाजूला सारून. या निकालानंतर आधी नागरिकत्व मिळालेल्या कितीतरी भारतीयांचंही नागरिकत्व काढून घेतलं गेलं. थिंद यांना ते अखेर १९३६ साली मिळालं, तेही माजी सैनिकांसाठी केलेल्या वेगळ्या कायद्यामुळे.

तिथल्या जनगणनेत १९३० आणि १९४० साली ‘हिंदू’ हा चक्क एक वंश होता, आणि त्यात शीख व मुसलमानही मोजले जात. १९७० साली भारतीयांची गणना गोऱ्यांत झाली. १९८० साली ‘एशियन इंडियन’ असा वेगळा रकाना आला. एखादी बाई या सगळ्या काळात तिथेच राहिली असती, तर शरीरात काहीही न बदलता तिच्या नावापुढे तीन वेगवेगळे वंश लागले असते.

दक्षिण आफ्रिकेत १९५०च्या कायद्यानं प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद सक्तीची केली. शंका आली की केसांत पेन्सिल खोचून बघत: खाली पडली तर गोरा, अडकून राहिली तर नाही. एकाच घरातली भावंडं वेगवेगळ्या रकान्यांत जात, आणि कुठे राहायचं, कोणाशी लग्न करायचं हे त्या रकान्यावर ठरे. रवांडात हुतू आणि तुत्सी यांची भाषा एक, कुळं एक, गावं एक. बेल्जियन राज्यकर्त्यांनी १९३०च्या दशकात ओळखपत्रांवर ‘हुतू’ की ‘तुत्सी’ ते छापायला सुरुवात केली. १९९४ साली रस्त्यांवरच्या नाक्यांवर तीच ओळखपत्रं मागितली गेली आणि ‘तुत्सी’ लिहिलेल्यांना ठार मारलं गेलं. त्या माणसांना ‘वंश ही कल्पना आहे’ हे सांगून काय उपयोग झाला असता?

आता लोक ओळख का धरून ठेवतात त्याकडे येतो. साधारण सव्वा कोटी माणसांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून जहाजांवर चढवलं गेलं. त्यांत पश्चिम आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या समाजांची माणसं होती: योरुबा होते, इग्बो होते, अकान होते. अमेरिकेत पिढ्यांमागून पिढ्या भाषा गेली, नाव गेलं, गाव तर कधीच गेलं. उरला तो मालकानं दिलेला ‘काळा’ हा शिक्का. त्याच शिक्क्याखाली त्यांनी चर्च उभारली, संगीत घडवलं, मताचा हक्क मिळवला. आज कोणी त्यांना म्हणतं, ‘ही ओळख खोटी आहे, सोडून द्या’, तेव्हा शिक्का मारणाऱ्याच्या मुलांना काहीच सोडावं लागत नाही, आणि यांना मात्र आपल्या आजी-आजोबांनी केलेलं सगळं सोडावं लागतं. हे मागणं मला अन्यायाचं वाटतं.

शिवाय न मोजल्यानं भेद मिटत नाही. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं ऑक्सिमीटर गडद त्वचेवर कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. कोणाचा आकडा चुकतोय हे रुग्णांची रंगानुसार तुलना केल्यावरच कळतं. उलटही घडलंय. मूत्रपिंड किती काम करतं हे काढण्याच्या अमेरिकेतल्या सूत्रात काळ्या रुग्णांसाठी आकडा वाढवून धरत, त्यामुळे प्रत्यारोपणाच्या यादीत त्यांचं नाव उशिरा लागे. २०२१ साली नव्या सूत्रातून वंश काढून टाकला गेला. म्हणजे एके ठिकाणी वंश पाहायलाच हवा आणि दुसऱ्या ठिकाणी पुसायला हवा. माझी कसोटी एकच आहे: त्या नोंदीमुळे झालेला अन्याय दिसतो, की नवा अन्याय होतो?

‘मला तुझ्यात वेगळं काही दिसत नाही’ हे वाक्य आपण प्रेमानं बोलतो. पण आयुष्यभर जे इतरांनी पाहिलंय आणि ज्याची किंमत त्या माणसानं मोजलीय, नेमकं तेच आपल्याला दिसत नाही, असं त्याला ऐकू येतं. मी हे वाक्य एकेकाळी पुष्कळदा वापरलंय, आता वापरत नाही.

आणि रकाना कोण भरतं यानंही खूप फरक पडतो. पूर्वी अमेरिकेत गणना करणारा दारात येई, चेहरा बघे आणि वंश लिहून घेई. १९६० पासून लोक स्वतःच लिहू लागले. २००० सालापासून एकाहून जास्त रकान्यांवर खूण करता येते. बराक ओबामांची आई गोरी होती, वडील केनियाचे. २०१० साली राष्ट्राध्यक्ष असताना त्यांच्याकडे जनगणनेचा अर्ज आला. त्यांना दोन्ही खुणा करता आल्या असत्या. त्यांनी एकच केली, काळ्यांच्या रकान्यासमोर.