एकरी दहा टन वाढले, पण कशानं?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. वाळवा तालुक्यातल्या या पोराचा दोन एकर आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा ऊस आहे, वाण ८६०३२. एका एकरात त्यानं जिवाणू खताच्या बाटलीची आळवणी केली, म्हणजे पाण्यात मिसळून मुळाशी ओतली, दुसरा एकर तसाच ठेवला. आता तोडीच्या आधी दोन्हीकडं एकेक गुंठा तोडून वजन केलं, तर आळवणीच्या एकरात २१०० किलो आणि दुसऱ्यात १८५० किलो भरला. चाळीसनं गुणलं की ८४ टन आणि ७४ टन, म्हणजे एकरी दहा टनांचा फरक. कंपनीचा माणूस म्हणतोय संशोधनानं ९५ टक्के सिद्ध झालंय, तुमच्या सगळ्या पाच एकर रानाला घ्या. एकरी ४२०० प्रमाणं २१ हजार होतात. तर पोरगा विचारतोय, काका, घेऊ का?

आत्ता नको घेऊ. पण बाटली बोगस आहे असंही मी म्हणत नाही. तुझ्या आकड्यावरनं ती चांगली हे कळत नाही आणि वाईट हेही कळत नाही, एवढंच म्हणतोय. का ते जरा लांबण लावून सांगतो, कारण बावीस वर्षं मातीपरीक्षणाच्या लॅबमध्ये काढली आणि असला प्रश्न आठवड्याला एक तरी यायचा.

आधी त्या गुंठ्याचं बघू. तुझी सरी पाच फुटी आहे म्हणालास. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. ३३ फुटात पाच फुटी सऱ्या किती बसतात? साडेसहा. आता साडेसहा सऱ्या कोण तोडतंय, दोरी टाकली की सातवी सरी कुणी आत धरतो कुणी बाहेर. १८५० भागिले ६ कर, एका सरीचा ३३ फुटातला ऊस झाला ३०० किलोच्या वर. आणि तुझा अख्खा फरक आहे २५० किलो! म्हणजे एकीकडं सहा आणि दुसरीकडं सात सऱ्या धरल्या गेल्या असतील तर बाटलीनं काही न करताच हा फरक आला असता, आणि त्याला तू चाळीसनं गुणलंस. दोरी कोण धरून होतं आणि सऱ्या मोजल्या होत्या का, एवढं आधी आठवून सांग.

ही चूक काय तू एकट्यानं केलेली नाही. आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे, ॲग्रीच्या पोरांना 'पानसे-सुखात्मे' या संख्याशास्त्राच्या पुस्तकामुळं नाव माहीत असतं, त्यांनी नेमकं हेच दाखवलं होतं. देशात धान्य किती पिकलं याचा अंदाज काढायला शेतात चौकट टाकून तेवढंच कापायचं आणि वजन करायचं, ही पद्धत तेव्हा बसत होती. महालनोबिसांचा कल छोट्या चौकटींकडं होता, कारण काम पटापट होतं. सुखात्म्यांनी १९४६ साली मांडलं की चौकट लहान केली की उत्पन्न जास्त दिसतं, कारण कडेवरची ताटं कापणारा माणूस नकळत आत ओढतो. चौकट जेवढी लहान तेवढी तिच्या मानानं कड जास्त. दोघंही जागतिक दर्जाचे संख्याशास्त्रज्ञ आणि त्यांचा वाद चाललेला दोरीच्या आत किती ताटं घ्यायची यावर. मला तर हा वाद लय आवडतो.

आता दुसरा मुद्दा. तू लिहिलंयस, "दोन्ही एकर शेजारीच आहेत, माती एकच." खरंच एकच आहे का? आळवणीचा एकर वरच्या अंगाला आहे आणि न केलेला ओढ्याच्या बाजूला, हेही तूच लिहिलंयस. कृष्णाकाठची जमीन, वर्षानुवर्षं पाटाचं भरपूर पाणी, मग खालच्या अंगाला पाणी तुंबतं आणि मीठ वर येतं. डोळ्याला पांढरं दिसायच्या कितीतरी आधीच ऊस ते ओळखतो, फुटवे कमी पडतात, पेरं आखूड राहतात. आमच्या लॅबला एकाच शेतकऱ्याच्या एकाच गटातनं दोन टोकांचे नमुने आले तर क्षारता दुप्पट-तिप्पट निघायची, आणि तो माणूस शपथेवर सांगायचा की रान एकसारखं आहे. त्यात कुठल्या एकराला पाणी आधी पोचतं, २०१९ च्या पुराचा गाळ कुठं बसला, खताच्या पोत्याचं तोंड कुठं फुटलं, हे सगळं त्या दहा टनात मिसळलेलं आहे.

आणि रान खरंच एकसारखं असलं तरी फरक येतोच. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला १८४३ पासून शेतीचे प्रयोग चाललेत. तिथल्या मर्सर आणि हॉल या दोघांनी एक एकरभर गहू घेतला, सगळ्याला सारखंच खत, सारखीच मशागत, आणि काढणीला त्याचे ५०० तुकडे पाडून प्रत्येकाचं वजन वेगळं केलं. १९११ साली ते छापलं. कुठल्या तुकड्यात पावणेतीन पौंड तर कुठल्यात पाच पौंडांच्या वर! कशात काही घातलेलं नाही, नुसती जमीन. याच रॉथमस्टेडला १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर हा संख्याशास्त्रज्ञ आला आणि त्यानं सांगितलं की जमीन एकसारखी करायच्या नादाला लागू नका, ती होणार नाही, त्यापेक्षा कुठल्या तुकड्याला काय द्यायचं ते चिठ्ठी टाकून ठरवा आणि एकावर थांबू नका, तोच प्रयोग अनेक तुकड्यात करा. म्हणजे जमिनीचा खेळ दोन्ही बाजूंना वाटला जातो आणि उरलेला फरक किती खरा ते मोजता येतं. तुझ्याकडं तुकडे दोनच, आणि ते तू स्वतः निवडलेस.

आता माझी फजिती सांगतो म्हणजे तुला राग येणार नाही. आमच्या द्राक्षबागेत, साल नाही सांगत, एका कंपनीचं टॉनिक मी अर्ध्या बागेला मारलं. आठ दिवसात वेलींना अशी काळोखी, म्हणजे गडद हिरवा रंग आला की बघत राहावं. मी अकरा जणांना फोन केले, सहा जणांनी माझ्या शब्दावर घेतलं. पुढच्या वर्षी परत मारायला काढलं तर बायकोनं शांतपणे विचारलं, "गेल्या वर्षी मारलेल्या ओळी कुठल्या?" मी दाखवल्या. ती म्हणाली, त्या नव्हेत, त्या दिवशी लाईट गेली म्हणून तुम्ही पलीकडनं चालू केलं होतं. डायरी काढली. तिचंच बरोबर. म्हणजे आठ दिवस मी काळोखी बघत होतो ती न मारलेल्या ओळींवर!! त्या सहा जणांना फोन करायला मला महिना लागला.

असं मोठ्यामोठ्यांचं झालंय. १९०३ साली फ्रान्समध्ये ब्लोंडलो नावाच्या नावाजलेल्या फिजिक्सवाल्यानं 'एन किरण' शोधले, अंधारात बारीक उजेड किंचित वाढतो का ते डोळ्यानं बघायचं. भराभर बाकीच्यांनाही दिसायला लागले. मग १९०४ मध्ये अमेरिकेचा रॉबर्ट वुड बघायला गेला आणि प्रयोग चालू असताना अंधारात त्यानं यंत्रातला ॲल्युमिनियमचा प्रिझम गुपचूप काढून घेतला. तरी ब्लोंडलोला किरण त्याच जागी दिसतच होते. माणूस खोटारडा नव्हता, त्याला खरंच दिसत होते, जशी मला काळोखी दिसली. म्हणून मोजणाऱ्याला कुठल्या सरीला काय दिलंय हे माहीतच नसावं.

डॉक्टर लोकांनी तर हे फार कडक करून टाकलं. आपल्या मिरजेशेजारी वानलेसवाडीला टीबीचं सॅनेटोरियम होतं, जुन्या माणसांना आठवत असेल. मोकळी हवा, चांगलं खाणं आणि महिनोन्‌महिने पडून राहणं, टीबीवर जगभर तोच उपाय मानला जायचा. स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीचं औषध निघालं तेव्हा ब्रिटनमध्ये औषध इतकं थोडं होतं की सगळ्यांना पुरणारच नव्हतं. ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञानं बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर ठेवलं, औषध कुणाला आणि नुसती विश्रांती कुणाला. १०७ पेशंट. सहा महिन्यांनी औषधवाल्या ५५ मधले ४ गेले आणि विश्रांतीवाल्या ५२ मधले १४. १९४८ ला छापलं. पाकीट का तर डॉक्टरला दया येते, नाहीतर बरा दिसणारा पेशंट औषधाला निवडावा वाटतो, आणि मग औषध चांगलं की पेशंट मुळात दणकट होता ते कळत नाही. तू वरचा एकर निवडलास ना, तसंच. पुढं मद्रासला याच पद्धतीनं बघितलं की घरी राहून गोळ्या घेणारा आणि सॅनेटोरियममध्ये राहून घेणारा यात फरक किती, तर जवळजवळ नाहीच, आणि घरच्यांना लागण जास्त झाली असंही नाही. सॅनेटोरियमचे दिवस भरले ते तिथनं.

आता तो ९५ टक्के. 'सिद्ध' हा शब्द कंपनीच्या माणसाचा आहे. कागदावर बहुतेक '५ टक्के पातळीला सिग्निफिकंट' असं काहीतरी असेल. त्याचा अर्थ बाटली ९५ टक्के लागू पडते असा नाही, ९५ टक्के शेतकऱ्यांना फायदा होतो असाही नाही. बाटलीत नुसतं पाणी असतं तरी एवढा मोठा फरक योगायोगानं वीसात एकदा दिसला असता, एवढाच अर्थ. वीस ठिकाणी पाणी देऊन प्रयोग करा, एखादा 'सिद्ध' व्हायचाच, आणि पत्रकावर तोच छापला जातो. त्यामुळं त्या माणसाला विचार, एकूण किती ठिकाणी घेतले, किती हंगाम, त्यातले किती फसले, आणि तुमची बाटली सोडून बाकी सगळं सारखं दिलेले वाफे शेजारीच होते का. नवीन उसाचं वाण बाहेर पडायच्या आधी वर्षानुवर्षं वेगवेगळ्या ठिकाणी लावून बघतात, तुझं ८६०३२ पण पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं असंच तपासून १९९६ मध्ये दिलं. बाटलीला मात्र एक रंगीत पान पुरतं.

जिवाणू म्हणजे थोतांड असं कृपा करून कुणी समजू नका. उसाच्या आतच राहून हवेतला नत्र धरणारा असिटोबॅक्टर ब्राझीलमध्ये सापडला, १९८८ साली त्याची नोंद झाली, आपल्याकडं ऊसवाले वापरतातच. पण जिवाणू जिवंत पाहिजे. सरकारी नियमानं पातळ जिवाणू खतात एका मिलीला दहा कोटी तरी जिवंत पेशी लागतात, आणि तुझी बाटली एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या दुकानात किती दिवस तापली होती देव जाणे. बाटलीवर जिवाणूचं नाव, पेशींची संख्या आणि शेवटची तारीख नसेल तर वरचं सगळं विसर, घेऊच नको. आणि आत जिवाणू नसून नुसता 'स्टिम्युलंट', म्हणजे वाढीला चालना देणारं काही असेल तर तेही २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आलंय, नोंदणीचा कागद माग.

बरं, करायचं काय. ओढ्याच्या बाजूचा, काही न सोडलेला एकर घे आणि त्याचा खोडवा, म्हणजे तोडीनंतर बुडख्यातनं फुटणारा ऊस ठेव. १८० फुटाची सरी असेल तर एकरात ४८ सऱ्या बसतात. चार-चार सऱ्यांचा एक पट्टा धर, बारा पट्टे झाले, शेजारशेजारचे दोन मिळून एक जोडी, अशा सहा जोड्या. प्रत्येक जोडीत बाटली कुणाला ते नाणं उडवून ठरव, आणि नाणं तू नको उडवू, घरात कुणाला तरी उडवू दे आणि चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवायला सांग. दोन सारखे काळे कॅन घे, एकात बाटलीचं पाणी, एकात नुसतं पाणी, कारण आळवणीत शंभर-दोनशे लिटर पाणीच जास्त पडतं आणि उन्हाळ्यात त्याचाच गुण येऊ शकतो. कॅन नाणं उडवणाऱ्यालाच भरू दे, कॅनवर फक्त अ आणि ब, आणि कुठल्या पट्ट्याला कुठला कॅन एवढंच त्यानं तुला सांगायचं. पंपाचं नोझल काढून दोन्हीकडं सारखीच आळवणी. खत, पाणी, भांगलण बारा पट्ट्यांना एकदम एकाच दिवशी.

तोडीला प्रत्येक पट्ट्यातल्या कडेच्या दोन सऱ्या सोडून दे, पाण्याबरोबर शेजारचं औषध तिथं येतं. मधल्या दोन सऱ्यातले गाळपाजोगे ऊस मोज, नुसते मोजायचे. आणि दर पंचविसावा ऊस बाजूला काढून वाढं, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा भाग तोडून वजन कर, त्याची सरासरी गुणिले मोजलेले ऊस म्हणजे त्या पट्ट्याचं वजन. हाताला येईल तो जाड ऊस उचलायचा नाही, पंचविसावा म्हणजे पंचविसावा, किडका असला तरी. टोळीचा मुकादम कुरकुर करेल, त्याला चहापाण्याचं आधीच बोलून ठेव. सगळे आकडे वहीत उतरल्यावर मग चिठ्ठी उघड.

सहाच्या सहा जोड्यात बाटलीचा पट्टा पुढं असेल तर नुसत्या नशिबानं असं चौसष्टात एकदा होतं, मग मी पण घेईन. सहात पाच असेल तर तेवढं किंवा त्याहून चांगलं नशिबानं नवात एकदा होतंच, त्यावर २१ हजार टाकू नको, अजून एक हंगाम बघ. आणि वाढ दिसली तरी ती एकरी टन-दीड टन आहे का, म्हणजे ४२०० वसूल होऊन वर काही उरतंय का, तेही बघ. खर्च म्हणशील तर एका एकराला लागते त्याच्या निम्मी बाटली आणि दोन दिवसाची मजुरी.

त्याच्या आधी आणखी एक काम फुकटात होण्यासारखं आहे. या दोन्ही एकरांच्या मागच्या पिकाच्या कारखान्याच्या पावत्या गटवार वेगळ्या असतील तर काढ. तेव्हा कुठलीच बाटली नव्हती. तेव्हाही वरचा एकर पुढं होता का, ते आकडे इथं टाक, आणि तोड कधी लागतेय तेही लिही, त्याच्या आधी वरच्या आणि खालच्या एकरातनं मातीचे नमुने वेगळे घ्यायला पाहिजेत.