मोठ्या हॉलमध्ये सोफे भिंतीला चिकटवू नकोस

अगं पहिल्यांदा सगळे हेच करतात, हॉल 20 बाय 16 चा मिळाला की सोफे चारी भिंतींना लावायचे आणि मधे क्रिकेट खेळता येईल एवढी जागा मोकळी. आम्ही पण तेच केलेलं, समोरच्याशी बोलायला आवाज चढवायला लागायचा, सासूबाई म्हणायच्या एसटी स्टँडवर बसल्यासारखं वाटतं. सोफा भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ओढ, समोर दोन खुर्च्या, मधलं अंतर आठ फुटांच्या आत, आणि टीपॉय सोफ्यापासून साधारण दीड फुटावर म्हणजे कप ठेवायला उठावं लागत नाही. खाली गालिचा मोठाच घे, निदान सोफ्याचे पुढचे पाय त्यावर आले पाहिजेत, नाहीतर तो पायपुसण्यासारखा दिसतो.

आता रिकाम्या हॉलमध्ये एकदा टाळी वाजवून बघ, घुमते ना? फरशी आणि कोऱ्या भिंती आवाज परत फेकतात, म्हणून जाड सुती पडदे लाव, छतापासून थेट जमिनीपर्यंत, आणि एका कोपऱ्यात गादी-लोड टाकून वर सोलापुरी चादर. आमच्याकडे सगळे शेवटी तिथेच लोळतात, महागडा सोफा बिचारा रिकामा 😄

आणि ती छताची पांढरी ट्यूब संध्याकाळी बंद! 2700 ते 3000 केल्विनचे (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगाचं माप) पिवळसर बल्ब, दोन-तीन ठिकाणी, छताला नाही तर खालच्या उंचीवर. झोपाळा टांगणार असशील तर हूक फॉल्स सीलिंगला नाही, स्लॅबलाच.