ब्रिटिश नागरिकत्व घेतलं आणि उद्या सरकारने काढून घेतलं तर?

तुमचा प्रश्न असा की ब्रिटनमध्ये नोकरी मिळतेय, पुढे तिथलं नागरिकत्वही घ्यायचं मनात आहे; पण सरकार ते काढून घेऊ शकतं असं कळलंय, मग तेलही गेलं, तूपही गेलं असं व्हायचं का? आणि गावाकडच्या शेतीचं काय? मी चौदा वर्षं लेस्टरला आहे, नागरिकत्वाची शपथही घेतलीय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आपल्याकडचं. जन्माने भारतीय असलेल्याचं नागरिकत्व भारत सरकार काढून घेऊ शकत नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्यातलं कलम १० नोंदणीने वगैरे नागरिक झालेल्यांपुरतं आहे. पण कलम ९नुसार, आपण होऊन दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं त्याच क्षणी संपतं. नोटीस नाही, सुनावणी नाही. राणीच्या नावाने शपथ घेऊन (तेव्हा राणी होती) टाउन हॉलबाहेर आलो, बायकोने फोटो काढला, तेव्हा खिशातला भारतीय पासपोर्ट निव्वळ आठवण उरला होता. तो जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यावं लागतं. 'कोण बघतंय' म्हणत जुन्या पासपोर्टवर प्रवास करणारे महाभाग आहेत. तो गुन्हा आहे, त्यांच्या नादी लागू नका. आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना भारत देतो ते) म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. मत देता येत नाही, आणि ते कार्डही सरकार रद्द करू शकतं.

आता ब्रिटनचं. तिथल्या १९८१च्या राष्ट्रीयत्व कायद्याचं कलम ४० गृहमंत्र्याला दोन वाटा देतं. एक, नागरिकत्व खोटं सांगून किंवा महत्त्वाचं काही लपवून मिळवलं असेल तर. दुसरी वाट 'लोकहितासाठी'. दुसरीत अट आहे: माणूस कुठल्याच देशाचा उरणार नाही, असं करायचं नाही. पण २०१४ साली त्यातही फट ठेवली गेली. अर्ज करून नागरिक झालेल्याने देशहिताला गंभीर बाधा आणली, आणि त्याला दुसरं नागरिकत्व मिळू शकेल असं मंत्र्याला सकारण वाटलं, तर ती अट आडवी येत नाही. म्हणजे तुम्ही-आम्ही त्या फटीत येतो. जन्मानेच ब्रिटिश असलेली माझी मुलगी येत नाही. एकाच घरात दोन प्रतीचे नागरिक!

शमीमा बेगमचं प्रकरण ऐकलं असेल. ब्रिटनमध्ये जन्मली, २०१५ला पंधराव्या वर्षी सीरियात गेली, २०१९ला गृहमंत्री साजिद जाविद यांनी नागरिकत्व काढलं. आधार काय, तर आईवडिलांमुळे वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत ती बांगलादेशची नागरिक ठरते. बांगलादेश म्हणाला, आम्ही आत घेणार नाही. २०२४ला अपील कोर्टातही ती हरली. तिच्याबद्दल मला कळवळा नाही. पण जन्मली इथे, शिकली इथे, बिघडली इथे, तर निस्तरायचं बांगलादेशने का? गुन्हा केला असेल तर खटला चालवा, तुरुंगात टाका. २०१६ साली या 'लोकहिता'खाली १४ जणांचं नागरिकत्व गेलं, २०१७ला १०४ जणांचं. हत्यार हाताशी असलं की वापरलं जातंच. तेव्हा माझं मत: फसवून मिळवलेलं असेल तर सरकारने काढावं, तेही कोर्टात सिद्ध करून. शिक्षा म्हणून काढू नये.

तुम्हाला खरी भीती बाळगायची ती पहिल्या वाटेची. तिला मुदत नाही. वीस वर्षांनीही फाइल उघडू शकते, आणि तिथे 'माणूस कुठल्याच देशाचा उरणार नाही' ही अटही आडवी येत नाही. एजंट म्हणेल, अनुभवाचं पत्र 'मॅनेज' करतो. त्याला दारातूनच परत पाठवा. नागरिकत्वाच्या अर्जात चारित्र्याबद्दल विचारतात, तिथे जुना खटला, करथकबाकी, काही असेल ते सगळं लिहा. लिहिल्याने अर्ज कदाचित अडेल. लपवलेलं मात्र नागरिक झाल्यावरही मानगुटीवर बसतं. व्हिसाच्या पहिल्या अर्जापासून प्रत्येक कागदाची प्रत ठेवा. २०१८ला विंडरशचा घोळ उघडा पडला, तेव्हा कॅरिबियनहून येऊन दशकानुदशकं कायदेशीर राहिलेली माणसं केवळ कागद दाखवता येईनात म्हणून बेकायदा ठरवली गेली होती.

शेतीचं विचारलंत म्हणून: ब्रिटिश नागरिक झाल्यावरही वारसाने सातबाऱ्यावर नाव लागतं, ते ठेवता येतं. विकत घेता येत नाही. पण परदेशी राहिल्यावर ती भारतीय पासपोर्टवरही घेता येत नाही, तेव्हा त्यासाठी शपथ अडवू नका.

घाई नसेल तर माझ्या बायकोचा मार्ग बघा. तिने भारतीय पासपोर्टच ठेवलाय, कायम वास्तव्याचा परवाना आहे. फक्त सलग दोन वर्षं ब्रिटनबाहेर राहिलं तर तो संपतो, म्हणून सासूबाईंच्या आजारपणात ती तारखा मोजून इथे येऊन गेली.