बाबांना एक वेळ नेमून दे

बडोदा

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

आई गेल्यापासून बाबा आवाज बंद करून टीव्हीसमोर बसलेले असतात, आता दोन महिन्यांनी घरात बाळ येणार, तर त्याने तरी ते माणसात येतील का, असं तू विचारलंस. येतील. पण नुसतं बाळ आलं म्हणून नव्हे.

माझंच सांगतो. तुझ्या काकू गेल्या तेव्हा मी देवघराचा पडदा ओढून घेतला. कार्तिकी एकादशीला गायकवाडांच्या काळापासून विठ्ठलनाथाचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघतो, त्याच्यामागे दरवर्षी चालायचो. तेही सुटलं. मग नात झाली. जो तो म्हणायचा, "घ्या, जरा मन रमेल." औषधाची गोळी द्यावी तसं मूल मांडीवर ठेवायचे आणि रडलं की उचलून न्यायचे. मी आपल्याच घरात पाहुणा. आनंद कसला होतोय!

फरक पडला तो सूनबाई परत नोकरीवर जायला लागली तेव्हा. सकाळी सात ते साडेनऊ मूल तुमचं, असं तिने सांगून टाकलं. विचारलं नाही, हे फार बरं केलं. लंगोट बदलायचा, खिमट भरवायचं, ते माझ्या सदऱ्यावर सांडलं की सदरा धुवायचा. स्वतःच्या मुलाचं यातलं काही केलं नव्हतं. शाळेच्या वह्या तपासण्यात त्याचं बालपण निघून गेलं.

ती चालायला लागल्यावर आम्ही कमाटी बागेत जाऊ लागलो. सयाजीरावांनी 1879 साली केलेली ही बाग मी हजारदा ओलांडली असेन. तिथल्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा मात्र नातीबरोबर पहिल्यांदा धड पाहिला. ती म्हणाली, "आबा, ह्याची आई कुठे?" मला उत्तर सुचेना. घरी येईपर्यंत दोघंही गप्प होतो.

देवघराचा पडदाही तिनेच बाजूला ओढला, घंटा हवी म्हणून. काळी पडली होती; चिंच लावून घासली. देवाशी माझा हिशेब अजून मिटलेला नाही, पण दिवा लावतो. आठ वाजले की ती जास्वंद घेऊन उभी असते, तिला काय सांगणार?

तेव्हा बाबांना एक वेळ नेमून दे आणि त्या वेळेत तू मधे डोकावू नकोस. टोपडं उलटं घालतील, घालू दे. फक्त दोन गोष्टींत माघार घेऊ नकोस: पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, गुटीसुद्धा नाही, आणि वर्षाचं होईपर्यंत मधाचं बोटही नाही. हे बाळ यायच्या आधीच डॉक्टरांच्या तोंडून त्यांच्या कानावर घाल, म्हणजे तुमच्या दोघांत वाद होणार नाही. (आमच्याकडे झाला होता. चूक माझी होती.) तेल लावणं, अंगाई, बागेतली फेरी, ही सगळी त्यांची. आणि "आता बरं वाटतंय ना?" असं रोज विचारू नकोस.

बारशाला मी येतोच. तुझा जुना पाळणा माळ्यावर असेल तर तो बाबांनाच काढायला सांग. इतक्या वर्षांत स्क्रू सैल झाले असतील, ते आवळायलाही त्यांनाच बसव.

तुझा,
सर